पोट भरलेलं पिल्लू गप्प असतं

घरटेबाईने फोन कपाटात ठेवला, कपाटाला कुलूप लावलं, किल्ली एप्रनच्या खिशात टाकली आणि आपण फार हुशारी केली असं स्वतःला बजावत ती पक्षीघराकडे निघाली. बजावावं लागत होतं यातच सगळं आलं.

घरटेबाई हे नाव संस्थेतल्या लोकांनी ठेवलेलं. दाणे टिपणाऱ्या बारक्या पक्ष्यांच्या जोड्या पाळायच्या, त्यांनी घरटं केलं की नर किती चारतो आणि मादी किती चारते ते बघत बसायचं, हे तिचं काम. नवरा त्याच संस्थेत, समोरच्या इमारतीत. तो पक्ष्यांच्या पिसालाही हात लावायचा नाही, तो कागदावर त्यांचं गणित मांडायचा, म्हणून तो गणिते. दोघांची ओळख भांडणातून झाली आणि लग्नही भांडता भांडताच ठरलं. लोक म्हणायचे, यांच्या घरी भांडी कोणी घासायची तेही समीकरण मांडून ठरत असेल. लोक थट्टेने म्हणायचे. त्यांना काय माहीत बिचाऱ्यांना.

आणि ते गणित तरी काय, कुठल्याही संसारी माणसाला चटकन कळेल असं. घरट्यात पिल्लं आहेत, आईबाप दोघं आहेत. पिल्लं जगावीत असं दोघांनाही वाटतं, पण त्यासाठी दमायचं ते दुसऱ्याने. कारण जो फार दमला त्याचं स्वतःचं पुढे काही खरं नसतं. मग नराने खेपा वाढवल्या की मादी हळूच कमी करते, आणि मादीने वाढवल्या की नर फांदीवर बसून पिसं साफ करतो. पाखरं काही बसून हिशेब करत नाहीत. ज्यांची खोड पथ्यावर पडली त्यांची पिल्लं जास्त जगली आणि पिल्लांत तीच खोड उतरली, अशा कैक पिढ्या गेल्या. या खेळात एकच गोष्ट सांभाळायची असते. आपल्याच्याने किती होईल ते जोडीदाराला कळू द्यायचं नाही. एकदा कळलं की तेवढं सगळं आपल्याच गळ्यात.

एकाला बाजूला काढलं तर दुसरा जास्त राबतो, पण दोघांइतकं नाही राबत. मधे जी खोट राहते ती पिल्लांच्या पोटाला बसते. हे वाक्य घरटेबाईचंच होतं. ते छापून आलं होतं, परिषदेत टाळ्या मिळाल्या होत्या. घरी येऊन तिने ते नवऱ्याला वाचून दाखवलं तेव्हा दोघं खूश होऊन बाहेर जेवायला गेले होते.

त्यांना एक मुलगी होती. दुसरीतली, अंगाने बारीक, म्हणून टिल्ली. टिल्लीला शाळेतून रोज आत्या आणायची, म्हणजे गणितेची बहीण. पण आत्या काही दिवसांसाठी परगावी गेली आणि या दोन विद्वानांच्या घरात खेळ सुरू झाला. पहिल्या दिवशी घरटेबाई गेली. दुसऱ्या दिवशीही तीच गेली, आणि तिथेच आपलं चुकलं असं तिचं मत पडलं. कारण तिसऱ्या दिवशी गणितेने विचारलंसुद्धा नाही. तो धरूनच चालला. मग तिने पाय मागे घेतला, त्यानेही घेतला, आणि त्या दिवशी दोघंही गेले नाहीत. शेवटी वर्गाच्या बाईंनी आधी आईला फोन केला, मग बाबांना. जेवताना वाद कशावर झाला असेल तर फोन आधी कोणाला आला यावर. ज्याला आधी आला त्याने जायला हवं होतं, असं ती म्हणाली नाही, तो म्हणाला. ती म्हणाली की बाई नेहमी आईलाच आधी फोन करतात, मग हा कुठला न्याय. टिल्ली ताटाकडे बघत दोघांचं ऐकत होती. मधेच तिने विचारलं, "मग हरलं कोण?" तेव्हा दोघं हसले होते. लेकीला खेळ कळतो म्हणून कौतुकही वाटलं होतं.

आज शाळा दुपारीच सुटणार होती. पाण्याच्या टाकीचं काहीतरी काम निघालं होतं. निरोप दोघांच्याही फोनवर आला होता, म्हणजे माहीत नव्हतं असं म्हणायची सोय कोणालाच नव्हती.

"आज मी पक्षीघरात आहे," ती सकाळी बूट घालताना म्हणाली. "नराला बाजूला काढायचा दिवस आहे. मधे उठता येत नाही."

"माझं आज व्याख्यान आहे," तो म्हणाला. "बाहेरचे लोक येणारेत. तुला ठाऊक आहे."

"मग टिल्लीचं?"

"बघू."

हे 'बघू' म्हणजे त्या घरातला सगळ्यात वाईट शब्द. त्याचा अर्थ हो नाही, नाहीही नाही. त्याचा अर्थ, तू आधी बोल. टिल्ली दाराशी दप्तर पाठीला लावून उभी होती. ती दोघांकडेही बघत नव्हती.

संस्थेत पोचेपर्यंत घरटेबाईचं डोकं भणभणलं होतं. जाईन म्हटलं तर कायमची अडकले. जाणार नाही म्हटलं तर त्याला ते खरं वाटणार नाही, कारण लेकीसाठी ही शेवटी धावणार हे तो जाणून आहे. मग त्याला खरं वाटावं कसं? याचं उत्तर त्यांच्याच विद्येत होतं. अरुंद रस्त्यावर दोन गाड्या समोरासमोर येताहेत, जो आधी बाजूला होईल तो हरला. अशा वेळी पक्का खेळाडू काय करतो, समोरच्याच्या डोळ्यांदेखत आपल्या गाडीचं स्टिअरिंगचं चाक उपटून खिडकीबाहेर फेकतो. आता मला वळताच येत नाही बाबा, काय ते तूच बघ. झक मारत तो वळतो. हा दाखला गणिते दर वर्षी मुलांना देतो आणि मुलं दर वर्षी हसतात.

म्हणून तिने निरोप लिहिला: फोन कपाटात ठेवतेय. संध्याकाळपर्यंत मला निरोप पोचणार नाही. शाळेचं तू बघ. तो पाठवला, फोन बंद करून कपाटात टाकला आणि किल्ली खिशात घातली. त्याचं उत्तर यायची वाट तिने पाहिली नाही. वाट पाहिली असती तर त्यात बोलणी आली, आणि बोलण्यात ती नेहमी हरायची. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं तिची आई म्हणायची ते उगीच नव्हे.

पक्षीघर म्हणजे एक लांब खोली, एका अंगाला जाळ्यांचे पिंजरे आणि दुसऱ्या अंगाला काळ्या काचेमागे बसायची जागा. पिंजरेवाल्या काकांनी सकाळीच एका घरट्यातला नर काढून शेजारच्या खोलीत ठेवला होता. आता मादी एकटी. घरटेबाई काचेमागे बसली आणि बघू लागली. मादीने दाण्यांच्या ताटलीवर झेप घेतली, चोच भरली, घरट्याच्या तोंडाशी आली. आत एकच कालवा उठला. पिल्लांनी माना वाकड्या करून चोची उघडल्या. जे जास्त ओरडेल त्याच्या चोचीत दाणे. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, हे पाखरांनाही पाठ असतं.

एक पिल्लू मात्र मागे, भिंतीशी टेकून गप्प होतं. बाकीची चोच वासत होती आणि हे मान खाली घालून बसलं होतं. घरटेबाईने समोरच्या तक्त्यात त्याच्यापुढे खूण केली: तृप्त. पोट भरलेलं पिल्लू गप्प असतं. ओरडणं फुकट नसतं, त्यात दम जातो, शिवाय शिकाऱ्याला घरट्याचा पत्ता लागतो. उगीच कोण ओरडेल? तिच्या सगळ्या कामाचा पाया याच एका गोष्टीवर उभा होता.

भिंतीवरच्या घड्याळाकडे तिने मुद्दाम पाठ केली होती. तरी दर थोड्या वेळाने मान वळायची. शाळा सुटायची वेळ जवळ आली. मग शाळा सुटली. आता गणिते गेला असेल. व्याख्यान आटोपतं घेऊन, चरफडत का होईना, गेला असेल. संध्याकाळी तोंड फुगवून बसेल, बसू दे. टिल्लीला त्याने वाटेत काही खायला घेऊन दिलं असेल. डबा तिने आज अर्धवटच भरला होता, लवकर सुटणार म्हणून.

आणि नसेल गेला तर? तिने स्वतःला समजावलं. शाळेकडे आपल्या फोनचा नंबर आहे, त्याच्या फोनचा आहे, संस्थेच्या ऑफिसचाही आहे. पोर तिथे राहिली असती तर बाईंनी ऑफिसात कळवलं असतं आणि ऑफिसातून कोणीतरी धावत आलं असतं. कोणी आलं नाही, म्हणजे सगळं ठीक आहे. बोंब नाही त्या अर्थी आग नाही. तिला जरा बरं वाटलं, पण ते बरं वाटणं फार वेळ टिकलं नाही.

दार हळूच उघडून पिंजरेवाले काका दाणे घेऊन आत आले. हे काका बोलके, पण पक्षीघरात कुजबुजत बोलायचं असा नियम असल्यामुळे त्यांची प्रत्येक बातमी गुपितासारखी वाटायची.

"बाई, तुमच्या साहेबांनी तर आज कमालच केली," ते म्हणाले. "आत्ता पाणी ठेवून आलो सभागृहात. पाहुणे सोडतच नाहीयेत त्यांना. प्रश्नावर प्रश्न."

"आत्ता?" तिने विचारलं. "आत्ता आहेत ते तिथे?"

"हे काय, तिथूनच येतोय."

शाळा सुटून कितीतरी वेळ झाला होता. तरीही, आणि हे सांगायला मला लाज वाटते, पण आहे ते आहे, ती लगेच उठली नाही. तिने खेळ लावून पाहिला. तो सभागृहात निवांत आहे, म्हणजे त्याने काहीतरी सोय केली असणार. वर्गातल्या कोणाच्या तरी आईला सांगितलं असेल. आता मी धावत गेले आणि टिल्ली त्यांच्या घरी मजेत असली, तर त्याला कायमचं कळेल की मी ऐन वेळी मोडते. मग जन्मभर शाळा माझ्याच मानगुटीवर. शिवाय फोन नाही, निरोप नाही, कोणी बोलावलेलं नाही. बसावं आणखी थोडं.

बाई बसली. दोष कुणाला द्यायचा, शहाणपणाला मर्यादा असते, वेडेपणाला नसते.

पिल्लांची वजनं करायची वेळ झाली तेव्हा तिला हायसं वाटलं, हाताला काम मिळालं. काकांनी मादीला पडद्याआड हाकललं. घरटेबाईने एकेक पिल्लू ओंजळीत घेऊन काट्यावर ठेवायला सुरुवात केली. या वयाच्या पिल्लांना पिसं नसतात. गळ्याची कातडी इतकी पातळ की खाल्लेले दाणे बाहेरून दिसतात, पारदर्शक थैलीत भरल्यासारखे. ओरडणाऱ्या पिल्लांचे गळे टम्म होते. तिने शेवटी ते गप्प पिल्लू उचललं. ते हातात हललं नाही, ओरडलं नाही, फक्त गार लागलं.

त्याचा गळा रिकामा होता. एक दाणा नव्हता आत. कातडी कातडीला चिकटली होती.

"हे तर उपाशी आहे," काका म्हणाले. "मग ओरडत का नव्हतं?"

तिच्या डोळ्यांसमोर सकाळचं दार आलं, आणि दाराशी दप्तर पाठीला लावून कोणाकडेच न बघणारी टिल्ली. गेले काही दिवस टिल्लीने काही मागितलं नव्हतं. आत्या कधी येणार हेसुद्धा विचारलं नव्हतं. घरटेबाईला वाटलं होतं, पोर समजूतदार झाली.

"काका, नराला सोडा आत."

"अहो, मग आजचं सगळं वाया जाईल. इतके दिवस ज्याची वाट बघितली..."

"जाऊ दे. सोडा त्याला. आणि याला आधी तुम्ही हाताने भरवा." पिल्लू त्यांच्या ओंजळीत देऊन ती पळत सुटली.

कपाटाची किल्ली हाताला घाम असल्यामुळे दोनदा निसटली. तिसऱ्यांदा लागली. फोन सुरू केला. त्यावर गणितेचा निरोप होता, तिच्या निरोपाच्या अगदी मागोमाग आलेला: मीही फोन बंद करून आत जातोय. व्याख्यान संपेपर्यंत मिळणार नाही. टिल्लीचं तू बघ. तिचा निरोप त्याने वाचला नव्हता आणि त्याचा तिने. दोघांनी एकाच वेळी आपापलं चाक उपटून फेकलं होतं, आणि समोरच्याने ते पाहिलं की नाही एवढंच बघायचं दोघांचंही राहून गेलं होतं. अख्ख्या गावात ही चूक करू शकणारी दोनच माणसं होती आणि ती एकमेकांची नवराबायको होती.

शाळेचा फोन मात्र आलेला नव्हता. एकही नाही. तिने ऑफिसात डोकावून विचारलं, तिथेही नाही. मघापासून ज्या शांततेवर तिने भिस्त ठेवली होती त्याच शांततेने आता तिची पाचावर धारण बसली.

शाळेपर्यंतचा रस्ता ती धावत, चालत, पुन्हा धावत गेली. एप्रन अंगावरच होता. लोक वळून बघत होते. शाळेचा फोन कोणी उचलत नव्हतं. मनात येऊ नये ते येत होतं. फाटकापाशी एकही मूल नव्हतं. फाटक लोटलेलं, आवारात टँकर उभा, त्याची नळी जमिनीवर पसरलेली. वर्गांना कुलपं.

"टिल्ली," तिने हाक मारली.

जिन्याखालच्या खोलीतून शाळेतल्या मावशी बाहेर आल्या, हातात ओला फडका. "आलात का? या. आत बसलीय ती. कधीची म्हणतेय आई निघालीय, आई निघालीय."

टिल्ली बादल्यांच्या शेजारी एका स्टुलावर बसली होती. दप्तर अजून पाठीला. पाय जमिनीला टेकत नव्हते. आईला बघून ती धावली नाही. तिने आधी आईच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, हवेचा अंदाज घ्यावा तसं.

घरटेबाई तिच्यापुढे खाली बसली. "फोन का नाही केला गं कोणी? बाईंनी विचारलं नाही?"

"विचारलं की," मावशीच म्हणाल्या. "बाई दोनदा म्हणाल्या, घरी फोन लावू का. ही म्हणाली नको, आई वाटेतच आहे. इतक्या ठामपणे म्हणाली की बाईंना खरं वाटलं. मला म्हणाल्या, तोवर तुमच्यापाशी बसू दे."

"असं का सांगितलंस, टिल्ली?"

टिल्लीने स्टुलाची कड नखाने खरवडली. "बाईंनी फोन केला की मग तुम्ही घरी विचारता, आधी कुणाला आला. मग कुणीतरी हरतं." थोडं थांबून ती म्हणाली, "मला करमत होतं इथे."

मावशींनी फडका पिळायला म्हणून तोंड फिरवलं. घरटेबाईला रडू आलं, आणि ते तिने आवरलं नाही.

तेवढ्यात फाटक करकरलं. व्याख्यान संपून फोन सुरू करताच तिचा निरोप वाचलेला गणिते आवारातून पळत येत होता, चांगल्या सदऱ्यावर घामाचे डाग, गळ्यात पाहुण्यांसमोर घातलेलं नावाचं कार्ड. नळीला अडखळून पडता पडता वाचला. जिन्याशी येऊन थांबला, बायकोकडे पाहिलं, मग लेकीकडे, आणि भिंतीला हात टेकून उभा राहिला. त्याला धापेमुळे बोलता येत नव्हतं. एरवी अशा वेळी पहिलं वाक्य कोण बोलतं यालाही महत्त्व असायचं. आज दोघांनाही पहिलं वाक्य सापडेना.

टिल्लीने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा आईकडे. दोघं एकदम आलेले तिने कधी पाहिले नव्हते. ती घाईघाईने स्टुलावरून उतरली.

"मी नाही बोलावलं हं," ती म्हणाली. आधी बाबांना म्हणाली, मग आईकडे वळून पुन्हा म्हणाली, "खरंच, मी कुणालाच नाही बोलावलं."

गणितेने तोंडावर हात घेतला आणि तिथेच पायरीवर बसला. घरटेबाईने टिल्लीच्या पाठीवरचं दप्तर उतरवलं. पट्ट्यांचे वळ खांद्यांवर उमटले होते. दप्तरातला डबा तिने हलवून पाहिला, तो रिकामाच होता.

"भूक लागलीय?" तिने विचारलं.

"नाही," टिल्ली म्हणाली.

घरटेबाईने ते खरं मानलं नाही. मावशींकडे एक केळं होतं, ते तिने मागून घेतलं, सोललं आणि लेकीच्या हातात दिलं. टिल्लीने ते धरलं, पुन्हा एकदा दोघांचे चेहरे पाहिले, आणि मग वर न बघता शेवटच्या घासापर्यंत खाल्लं.